समुद्रकाठचे अर्धे घर

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात धर्मगुरू म्हणून वावरताना अलीकडे एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येऊ लागला आहे. तो पापनिवेदनाच्या वेळी विचारला जात नाही, विवाहाच्या नोंदणीसाठीही नाही. मिस्सा आटोपून माणसे मंदिराच्या आवारात रेंगाळतात तेव्हा तो हळूच निघतो. "फादर, समुद्रकाठी आपल्याला परवडेल असे गाव कोणते?" विचारणारा गृहस्थ बहुधा ५६-५७ वर्षांचा असतो. वर्षा-दीड वर्षात त्याची कारखान्यातील नोकरी संपणार असते. दिवाळी झाली की कोकणात जावे, होळीच्या सुमारास परतावे, उरलेले महिने येथे मुलासुनेजवळ काढावेत, असा त्याचा साधा बेत असतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्याळावर जगलेल्या माणसाला भरती-ओहोटीच्या घड्याळावर चार महिने जगावेसे वाटते, एवढेच.

वस्तुतः हा प्रश्न जमिनीच्या दलालास विचारावयाचा. तो धर्मगुरूस का विचारतात याचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे : धर्मगुरूच्या बदल्या होतात, त्याने चार गावे पाहिलेली असतात, आणि त्याला दलाली द्यावी लागत नाही. परंतु या भाबड्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो मात्र आमच्या अभ्यासकक्षेत येतो. ज्याला राहावयास एक घर आहे त्याने दुसरे घर घ्यावे काय? घ्यावे तर कोणत्या अटींवर? आणि 'परवडणारे' या शब्दाचा अर्थ नेमका काय? कोणाला परवडणारे?

या प्रश्नाचा झटपट निकाल लावण्याचा मोह आम्ही आवरला पाहिजे. व्यासपीठावरून चंगळवादाचा निषेध करणे सोपे असते. अलिबागच्या आसमंतात तटबंदीमागे पोहण्याचे तलाव बांधणाऱ्या धनिकांविषयी बोलावयाचे झाल्यास आम्हांस शब्द कमी पडणार नाहीत. परंतु आमच्यासमोर उभा असलेला गृहस्थ त्या वर्गातला नाही. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, पुढे टेल्को आणि बजाज यांच्यासारखे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या मागोमाग नगर, सोलापूर, मराठवाडा, कोकण, वसई, गोवा, केरळ येथून जी माणसे या माळावर आली त्यांचा हा वारस. पुढे चाकणची वसाहत वाढली तेव्हा त्याने भोसरीहून चाकणपर्यंतच्या वाहतुकीच्या कोंडीत रोजचे दोन-दोन तास घालविले. त्याची तीस वर्षे दाबयंत्रांच्या दणक्यात, रंगाच्या वासात किंवा भट्टीच्या धगीत गेली आहेत. त्याचा एक कान अधू आहे. मोशी-चिखलीकडील दोन खोल्यांची सदनिका हे त्याचे एकमेव वैभव, आणि तिचे हप्ते गेल्याच वर्षी फिटले आहेत.

त्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार लहानसहान नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या प्रश्नावर 'रेरुम नोवारुम' हे परिपत्र काढले. त्यातील एक युक्तिवाद आम्हांस गुरुविद्यालयात शिकताना फार मोलाचा वाटला होता, आजही वाटतो. त्याचा आशय असा : कामकरी मनुष्य पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवितो आणि त्या पैशातून जमिनीचा तुकडा घेतो, तेव्हा तो तुकडा म्हणजे दुसऱ्या रूपातील त्याची मजुरीच असते. म्हणून मजुरीवर त्याचा जितका हक्क, तितकाच त्या तुकड्यावर. तेव्हा आमच्या गृहस्थास समुद्रकाठी दोन खोल्या हव्याशा वाटल्या, तर ती वासना आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. घरदार, खाणेपिणे आणि आजारपणातील शुश्रूषा यांची चिंता ज्यांच्यासाठी संस्था वाहते त्या आम्हां धर्मगुरूंस तर नाहीच नाही.

तरीही त्याच्या खिशाचा हिशेब त्याच्याच हिताकरिता मांडला पाहिजे, कारण दलाल तो मांडीत नाहीत. खाजगी कारखान्यातील कामगारास मिळणारे निवृत्तिवेतन १९९५ च्या योजनेनुसार ठरते. पेन्शनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि ७० ने भागावे, असे तिचे सूत्र आहे. त्या वेतनाची कमाल मर्यादा २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० रुपये आहे. त्याआधी ती ६,५०० होती. वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय ज्यांना लाभला ते थोडे भाग्यवान वगळले, तर पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या हातीही महिन्यास साडेसात-आठ हजारांपलीकडे काही पडत नाही. पुष्कळांच्या हाती याच्या निम्म्यानेही पडत नाही. याचा अर्थ असा की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची जी रक्कम एकदाच हाती येते, तीच त्याचे खरे निवृत्तिवेतन होय. तिच्यातून घर घेतले की म्हातारपणीची भाकरी भिंतीत चिणली जाते.

आणि कोकणातील भिंती भुकेल्या असतात. ज्या प्रदेशात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे बंद घर हे स्वस्थ पडून राहणारे घर नव्हे. खारा वारा खिडक्यांचे गज आणि विजेची बटणे खातो, ओल कपाटातील चादरींस बुरशी लावते, वाळवी दाराची चौकट आतून पोखरते. कौलारू घर असेल तर दर वैशाखात शाकारणी करावी लागते. पत्र्याचे असेल तर वादळाची धास्ती. पावसापूर्वी एकदा, पावसानंतर एकदा, अशा दोन फेऱ्या आणि वर्षभर राखणदार, एवढे तरी लागतेच. खरेदीची किंमत परवडली म्हणजे घर परवडले असे होत नाही, ही गोष्ट कोकणातील कोणतीही म्हातारी बाई आमच्यापेक्षा चांगली सांगेल.

ही झाली व्यवहाराची बाजू. आता त्या 'स्वस्त' शब्दाकडे वळू. कोणतीही जमीन आपल्या आपण स्वस्त नसते. विकणाऱ्याला काही निकड असते, किंवा त्याला तिच्या भावी किमतीची कल्पना नसते, म्हणून ती स्वस्त असते. ही गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या माणसास तरी परकी नसावी. आपण आज ज्या इमारतींत राहतो, ज्या रस्त्यांवरून जातो, तेथे ज्वारी-बाजरीची शेते होती. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, जमिनी संपादिल्या गेल्या. पहिल्या दशकात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न पुढे कित्येक दशके मोर्चांतून आणि निवडणुकांच्या जाहीरनाम्यांतून गाजत राहिला. प्राधिकरण २०२१ साली विसर्जित झाले, तरी त्या प्रश्नाची कुरकुर थांबली नाही. आपल्या शहराच्या स्वस्ताईची किंमत कोणी तरी आधीच मोजून ठेवली होती. आणि आता त्याच शहरातून आपण स्वस्ताईच्या शोधात ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे, वरंधा उतरून महाडकडे, कुंभार्ली उतरून चिपळूणकडे निघालो आहोत.

आमच्या वसईकर वाचकांस हे अधिक सांगावयास नको. १९८८ च्या सुमारास वसईचा हरित पट्टा बांधकामास मोकळा करण्याचे धोरण आले. त्यानंतर काय झाले, विहिरी कशा आटल्या आणि मचूळ झाल्या, टँकरवाल्यांनी पाणी कसे उपसले, कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीला कोणकोणत्या झुंजी द्याव्या लागल्या, हे त्यांनी अंगावर झेलले आहे. तेव्हा आपण विकणारे होतो. आज आपल्यापैकी काही जण विकत घेणारे होऊन मुरूड, हर्णै, आंजर्ले, गुहागर, मालवण, वेंगुर्ले या वाटांवर आहेत. भूमिका बदलली की माणसाची स्मृती क्षीण होते, असे आमचे निरीक्षण आहे.

एक उदाहरण घेऊ. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंतच्या वाड्यांतील नारळी-पोफळी तासा-दोन तासांत आडव्या झाल्या. पोफळीची नवी लागवड उत्पन्न देऊ लागेपर्यंत सहा-सात वर्षे सहज जातात. नारळही तितकीच वाट पाहावयास लावतो. वर्षभराच्या आत, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आले. टाळेबंदीचे ते दिवस. ज्या कुटुंबाची पिढ्यांची मिळकत अशी एका दुपारी गेली, त्याला मुलाच्या शिक्षणासाठी वाडीतील आठ-दहा गुंठे विकण्यावाचून गत्यंतर नसेल, तर येणारा पहिला ग्राहक देईल ती किंमत त्याला घ्यावी लागते. आमच्या नीतिशास्त्रात 'न्याय्य किंमत' म्हणून एक जुने प्रकरण आहे. दुसऱ्याची निकड ही आपली विकाऊ वस्तू नव्हे, तिच्या आधाराने भाव ठरवू नये, असा त्याचा गाभा. बाजार म्हणेल, दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या, दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याने व्यवहार पूर्ण झाला. कायद्याने तो पूर्ण झालाच. परंतु पाण्यात बुडणाऱ्याने हातातील अंगठी देऊन दोर घेतला, तर त्याला राजीखुशीचा सौदा म्हणावे काय? ज्याला अशी पडकी वाडी स्वस्तात मिळते आहे त्याने दोन भाव विचारावेत : वादळापूर्वीचा आणि वादळानंतरचा. त्या दोहोंतील अंतर म्हणजे त्याच्या सुदैवाचे मोजमाप नव्हे.

कायद्याचेच निघाले म्हणून थोडे विषयांतर. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्यातील हे बंधन, कसणाऱ्याच्या हाती जमीन राहावी म्हणून. आमच्या कारखान्यांतील पुष्कळ कामगारांची नावे गावाकडील वडिलोपार्जित सातबाऱ्यावर असतात, मग ती चार भावांत मिळून वीस गुंठ्यांपुरती का असेनात. त्यामुळे नांगर न धरलेला मनुष्य कागदोपत्री शेतकरी ठरतो आणि कोकणात वाडी घेतो. यात बेकायदा काही नाही. परंतु ज्या हेतूने कायदा केला तो हेतू त्याच कायद्याच्या दारातून बाहेर पडतो, हे पाहून मौज वाटते आणि खेदही. किनारा नियमनाचेही तसेच. १९९१ सालापासून भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यात बांधकामावर निरनिराळी बंधने आहेत, ती २०११ आणि २०१९ साली बदलली. गावागावाप्रमाणे ती वेगळी आहेत. 'समुद्रदर्शनी भूखंड' अशी पाटी वाचून बयाणा देणाऱ्याने आधी तो नकाशा पाहावा.

आता बंद घराच्या मुद्द्याकडे येऊ, कारण आमच्या मते प्रश्नाचे मर्म तेथे आहे. समजा, व्यवहार चोख झाला, किंमतही न्याय्य दिली. घर वर्षातून आठ महिने बंद राहणार. ते बंद राहण्यात काही अन्याय आहे काय?

कोणी म्हणेल, कोकणात बंद घरे नवी आहेत काय? मुंबईच्या गिरण्या चालू झाल्यापासून कोकणातील घरांना कुलपे आहेत. चाकरमानी गणपतीत आणि शिमग्यात येतो, कुलूप काढतो, दिवा लावतो, पुन्हा कुलूप घालतो. हे खरे आहे. गोव्यातही मालक परदेशी आणि घर वेलींच्या हवाली, असे दृश्य गावोगावी दिसते. परंतु दोन कुलपांत फरक आहे. चाकरमान्याच्या घराला कुलूप असले तरी त्याचा पाय गावात अडकलेला असतो. पालखीत त्याचा मान असतो, पाणंदीच्या कामात त्याची वर्गणी असते, भाऊबंदकीच्या दाव्यात त्याचे नाव असते, मयताला त्याला यावेच लागते. त्याचे कुलूप हे दारिद्र्याने घातलेले कुलूप आहे. घर टाकून जावे लागल्याचे ते दुःख आहे. आपण जे कुलूप घालणार ते कोणत्या दुःखाचे? आपल्या कुलपामागे गावाशी कोणताही करार नसतो. मे महिन्यात गावच्या विहिरीचे पाणी खाली जाते, तेव्हा आपण नसतो. परंतु आपल्या कूपनलिकेने किनाऱ्याच्या वाळूतील गोडे पाणी डिसेंबर-जानेवारीत उपसलेले असते. ग्रामसभेत आपण नसतो. गावची शाळा पटसंख्येअभावी बंद करण्याचा विषय निघतो, तेव्हा आपल्या घरातून एकही पोर त्या पटावर येणार नसते. घरे वाढतात आणि गाव ओस पडते, असा हा चमत्कार आहे.

हा चमत्कार केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्ह्ज नावाचे मासेमाऱ्यांचे जुने गाव आहे. सुटीतील घरांच्या मागणीपायी तेथील तरुणांना स्वतःच्या गावात छप्पर मिळेना, तेव्हा मे २०१६ मध्ये गावाने सार्वमत घेऊन असा नियम केला की नवे घर बांधावयाचे तर ते बारमाही राहणाऱ्यासाठीच असले पाहिजे. मतदारांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांनी त्यास पाठिंबा दिला. स्वित्झर्लंडने २०१२ साली सार्वमताने ठरविले की कोणत्याही गावात दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांवर जाऊ नये. ही दोन्ही राष्ट्रे खाजगी मालमत्तेची वैरी नव्हेत, हे लक्षात घ्यावे. त्यांनाही कळून चुकले की बंद घर शेजारच्या घराची किंमत वाढविते, आणि ती वाढ ज्याच्या माथी बसते त्याचा त्या घराशी काहीएक संबंध नसतो. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो त्या गर्दीतील एखाद्या खलाशाच्या पोराला लग्नानंतर वेगळी खोली बांधावयाची असेल, तर त्याची स्पर्धा आता आपल्या ग्रॅच्युइटीशी आहे.

येथे ख्रिस्तसभेच्या शिकवणीतील दुसरा साक्षीदार उभा राहतो आणि तो पहिल्याची उलटतपासणी घेतो. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रात खाजगी मालकीचा हक्क बिनशर्त नाही असे बजावले. इतरांस आवश्यक ते मिळत नसताना आपल्या गरजेपलीकडचे केवळ स्वतःसाठी राखून ठेवण्याचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्यांचा रोख आहे. तर मग तेरावे लिओ खरे की सहावे पॉल? पंचाहत्तर वर्षांच्या अंतराने बोललेले हे दोन पोप परस्परविरोधी बोलतात काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी केलेल्या एका भेदात आहे. वस्तू मिळविणे, सांभाळणे व तिचा विनियोग करणे हे व्यक्तीच्या हाती असावे, कारण त्यानेच वस्तूची निगा राहते. परंतु तिचा उपयोग करताना ती सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंतास ती सहज द्यावी. म्हणजे मालकी खाजगी, वापर सामाईक. लिओ बोलतात ते मालकीविषयी, पॉल बोलतात ते वापराविषयी. दुसरे घर घ्यावे की नाही या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही. ते घर उरलेल्या आठ महिन्यांत काय करणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.

आपल्याच किनाऱ्याच्या इतिहासात या संदर्भात एक लक्षणीय प्रकरण आहे. दापोली हे गाव समुद्रापासून आठ-दहा किलोमीटरांवर, थंड हवेचे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी तेथे लष्करी छावणी केली. 'कॅम्प दापोली' हे नाव तेव्हाचे. छावणी पुढे उठली, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेन्शनीत निघालेले पुष्कळ महार सैनिक दापोलीत वस्ती करून राहिले. मूळ गावे आसपासची, हवा चांगली, आणि सोबतीला आपली माणसे : कारणे आजच्यासारखीच असावीत. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ येथेच सहकुटुंब राहिले आणि मग साताऱ्यास गेले. त्यांचे आंबडवे गाव शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव १८९१ च्या एप्रिलमध्ये जन्मला, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात 'रेरुम नोवारुम' प्रसिद्ध झाले, हा केवळ योगायोग. पण लिहिताना हात थांबला खरा. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिण्यास व संघटना करण्यास आरंभ केला तो निवृत्तीनंतर. या पेन्शनरांनी आपल्या मुलांना दापोलीच्या शाळेत घ्यावे म्हणून १८९२ च्या सुमारास अर्ज केले. शाळेच्या व्हरांड्यावरून वर्गात जाण्यासाठी त्यांना भांडावे लागले.

त्या माणसांना विसाव्याची गरज आमच्या गृहस्थापेक्षा कमी नव्हती. परंतु दापोलीत त्यांनी विसावा घेतला नाही, किंवा घेऊ दिला गेला नाही. त्यांची मुले तेथल्या शाळेत जावयाची होती म्हणून तेथली शाळा हा त्यांचा प्रश्न झाला. आम्ही 'अर्धे घर' म्हणतो ते या अर्थाने. घर चार महिन्यांचे की बारा महिन्यांचे, यावर ते अर्धे की पुरते हे ठरत नाही. त्या गावच्या एका तरी प्रश्नात आपला जीव अडकला आहे काय, यावर ते ठरते. जो मनुष्य चार महिनेच राहतो, पण कारखान्यात तीस वर्षे विजेच्या जोडण्या केल्या म्हणून गावच्या चार पोरांना ते काम शिकवितो, त्याचे घर पुरते आहे. बारा महिने राहून ज्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे घर अर्धेही नाही. आणि असे शेजारी पाहावयास कोकणात जावे लागत नाही, आमच्या पिंपळे सौदागरच्या बारा मजली इमारतींत ते हवे तितके आहेत.

मग उरलेल्या आठ महिन्यांचे काय? येथे आम्ही काही सुचवितो तेव्हा श्रोते अस्वस्थ होतात. कोकणातील गावांत बाहेरून नेमणूक होऊन आलेल्या शिक्षिका, आरोग्यसेविका, बँकेतील कारकून यांना राहावयास धड खोली मिळत नाही. मिळाली तर न्हाणीघर बाहेर असते. आपल्या दोन खोल्यांपैकी एक अशा व्यक्तीस माफक भाड्याने का देऊ नये? घर नांदते राहील, ओल धरणार नाही, वाळवी लागली तर कोणाच्या तरी नजरेस पडेल. यावर ठरलेले उत्तर येते : "फादर, भाडेकरू निघत नाही." ही भीती १९४७ च्या भाडे कायद्याने दोन पिढ्यांच्या मनात घातली आणि तिला आधारही होता. परंतु २००० सालापासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, नोंदणीकृत लेखी करार करून मुदतीने राहावयास दिलेले घर मुदत संपल्यावर परत मिळविण्याचा मार्ग पुष्कळ सुकर झाला आहे. कायदा बदलून पाव शतक झाले. भीती मात्र जुन्या कायद्याचीच राहिली. आमचा असा समज होत चालला आहे की भाडेकरू निघणार नाही ही खरी अडचण नसून, आपल्या घरात दुसऱ्याचे कपडे वाळत घातलेले पाहवणार नाहीत, ही आहे.

ज्यांना हे मानवत नाही त्यांना आम्ही सांगतो की घर घेऊच नका. चार महिने भाड्याने राहा. दापोली-गुहागरच्या बाजूस आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे घरगुती निवास चालविणारी कुटुंबे आहेत. पर्यटकांचा हंगाम सोडून महिन्याच्या बोलीने खोली घेतली तर त्यांच्या घरात पैसा जातो, आपली ठेव बँकेत शाबूत राहते, आणि गाव मानवले नाही तर पुढील वर्षी दुसरे पाहता येते. यात अभिमान मिरविण्यास जागा नाही, हे खरे. 'कोकणात आमचे घर आहे' आणि 'कोकणात आम्ही राहावयास जातो' या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि पुष्कळदा सगळी रक्कम त्या अंतरासाठीच मोजली जाते.

गावाची निवड करताना लोक पुळणीची लांबी पाहतात. आम्ही म्हणतो, दवाखान्याचे अंतर पाहा, तेही जुलैतले. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण बुडाले, महाड बुडाले, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, घाट बंद पडले. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाची विमापत्रिका अशा दिवशी हर्णैमध्ये काय कामाची? आणि आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आजारीपणात साक्रामेंत घेऊन कोण येईल, आणि मरण तेथेच आले तर दफन कोठे होईल? मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत जुनी कॅथलिक वस्ती आहे. २००५ पासून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांतच आहे. उत्तरेस रेवदंड्याजवळ कोर्लईस तर पोर्तुगीजांच्या वेळची बोली अद्याप घराघरांत टिकवून असलेला आपला समाज आहे. या दोहोंच्या मध्ये, दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर, रविवारच्या मिस्सेसाठी लांबचा प्रवास करावा लागेल. यामुळे तेथे जाऊ नये असे नाही. फक्त शेजारी कोण असतील याची चौकशी अधिक बारकाईने करावी, कारण अखेरच्या प्रसंगी तेच येतील.

वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ या सर्व गोष्टींवर आमच्याशी दोन-तीनदा तावातावाने वादले. त्यांचे म्हणणे, आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही घ्यावयाचे तर त्यालाही तुमचे नीतिशास्त्र आडवे येते. त्यांच्या पत्नी शेजारी बसून ऐकत होत्या. त्या इतकेच म्हणाल्या की येथे मी भांडी घासते, तेथेही मीच घासणार. मला समुद्र दिसला नाही तरी चालेल, पण दुपारी बोलावयास कोणी तरी हवे. नवऱ्याने त्यावर उत्तर दिले नाही. भूखंडाचा बयाणा त्यांनी अद्याप दिलेला नाही. डिसेंबरात सगळीच गावे चांगली दिसतात असे आम्ही म्हटले होते, ते त्यांना पटलेले दिसते. कारण दोघांनी आंजर्ल्याजवळ एका घरी जून-जुलैसाठी खोली ठरविली आहे. मृगाचा पाऊस लागला की निघणार आहेत. बाईंनी सोबत शिवणयंत्र न्यावयाचे ठरविले आहे, आणि ते एसटीच्या टपावर चढवावे की टेम्पोने धाडावे यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.